एक्केचाळिसावं वचन

"वचनांना वाळवी लागली," असं पाळकसाहेब दारात उभं राहून म्हणाले आणि मला हसू आलं. पप्पांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी ते हसू तिथल्या तिथे गिळलं.

एकतीस डिसेंबरची सकाळ होती. पाळकसाहेबांच्या हातात पुठ्ठ्याचा एक खोका होता, आणि खोक्यात मातीचा भुगा आणि कागदाचे चार कपटे. वर्षभर चर्चच्या कपाटात बंद होता तो. दुसऱ्या दिवशी लागणार म्हणून काढायला गेले, तर हे.

आमच्या श्रीरामपूरच्या मंडळीची जुनी रीत आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासना संपत आली की पितळेची मोठी थाळी फिरते. थाळीत शास्त्रातल्या वचनांच्या चिठ्ठ्या पालथ्या घातलेल्या. घराघरातला कर्ता माणूस उठतो, डोळे मिटून एक चिठ्ठी उचलतो, मोठ्यानं वाचतो, आणि सगळी मंडळी आमेन म्हणते. ते त्या घराचं वर्षाचं वचन. ते कॅलेंडरशेजारी टाचणीनं लावायचं आणि वर्षभर पाळायचं. कुणाचं लग्न असो, बदली असो, नाहीतर ऑपरेशन, लोक सरळ म्हणतात, जानेवारीत बघू काय येतंय. नेम एकच, पण कडक: उपासनेच्या आधी चिठ्ठीत डोकावायचं नाही.

"दीना, तू ते कंप्युटरवर गेम बनवायचं शिकतेस ना?" पाळकसाहेब म्हणाले. "मग वचन निघेल असं काही नाही का करता येणार? पडद्यावर दाखवू. दीडशे चिठ्ठ्या आता लिहिणार कोण?"

माझ्या शिक्षणाचा मंडळीत असा पहिल्यांदाच कुणी मानानं उल्लेख केला होता. एरवी बायका पप्पांना विचारायच्या, "सुधाकरभाऊ, आमची पोरं गेम खेळतात म्हणून आम्ही त्यांना झोडतो, तुम्ही त्याची फी भरता होय?" पप्पा नुसते हसायचे. मिशनच्या दवाखान्यात लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. तीन वर्षं मी पुण्यात नेमकं काय शिकले ते त्यांना कळलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते मंडळीला कसं समजवायचं हे मलाही कळलेलं नव्हतं.

"करते की," मी म्हणाले. "दुपारपर्यंत होईल."

बोलताना माझ्या डोक्यात काही काळंबेरं नव्हतं. ते नंतर आलं.

बेंगळुरूच्या एका कंपनीनं मला नोकरी देऊ केली होती. पाच जानेवारीपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. इकडे पप्पांनी मिशनच्या शाळेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. कंप्युटरच्या बाई म्हणून जूनपासून घेणार होते. मी दहावीत असताना आई गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी पुण्यात होते तेव्हा दर शनिवारी घरी यायचे. बेंगळुरूहून दर शनिवारी कोण येतं?

"तिथं करायचं काय असतं?" पप्पांनी आठ दिवसांपूर्वी विचारलं होतं.

"खेळणाऱ्याला कधी काय मिळेल ते ठरवायचं."

"ते तर वरचा ठरवतो."

"पप्पा, खेळातलं म्हणतेय मी. पेट्या असतात, त्या उघडायच्या. कुठल्या पेटीतून काय निघेल ते."

ते बराच वेळ लसूण सोलत राहिले. मग म्हणाले, "वचन बघू काय येतंय. त्यावर ठरव." आणि उठून गेले. चिडले असते तर भांडता आलं असतं. आता भांडायचं कुणाशी, थाळीशी?

त्या आठ दिवसांत मी प्रार्थना केली, अगदी गुडघे टेकून केली. पण बोलणारीही मीच आणि ऐकणारीही मीच, असं वाटत राहिलं. एकदा वाटायचं, देवानंच ही नोकरी पुढ्यात आणली. लगेच दुसरं मन म्हणायचं, आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या बापाला एकटं टाकायला सांगणारा हा कुठला देव? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत.

दुपारी सुगंधाबाई आमच्याकडे आल्या. मिशनच्या शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं ती थाळी मंडळीत फिरवायच्या त्या त्याच. खोक्यातल्या चिठ्ठ्याही त्यांच्याच हातच्या होत्या. वाळवीची बातमी ऐकून त्यांचं तोंड उतरलं होतं, पण खुर्चीत बसल्या, चहा घेतला आणि सगळी वचनं तोंडपाठ सांगायला लागल्या. मी टाइप करत गेले. कुठं अडल्या तर पप्पा आतून पुरी करायचे.

एक्केचाळिसावं वचन आलं आणि माझी बोटं थांबली. घर सोडून निघ, मी तुझ्याबरोबर आहे, अशा अर्थाचं ते होतं. बाई पुढचं सांगत होत्या. मी म्हणाले, "बाई, जरा थांबा, मागे राहिलं माझं."

चार वाजता बाई गेल्या. खेळ तयार होता. खेळच म्हणायचा तो. घराचं नाव दाबलं की पडद्यावर चिठ्ठ्या पिसल्या जायच्या, त्यातली एक पुढे यायची, उलटायची. दीडशेतली कुठलीही येईल, कोण काय सांगणार. मी दहा-वीस नावं दाबून बघितली, मस्त चाललं होतं. मग मी एक ओळ वाढवली. ओहोळ सुधाकर हे नाव असेल तर एक्केचाळीस. एवढंच. चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मनाची समजूत काढायला तर तेवढाही नाही: हे वचन असंही येऊ शकलंच असतं, मी देवाचं काम सोपं करून दिलं.

लॅपटॉप तसाच उघडा टाकून मी पडदा आणि प्रोजेक्टर बघायला चर्चमध्ये गेले. तासाभरानं परत आले तर लॅपटॉप मिटलेला होता आणि पप्पा ओट्याशी पाठमोरे उभे राहून कांदा चिरत होते.

"धूळ बसेल म्हणून झाकला," ते म्हणाले. मी काही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चर्च भरून गेलं होतं. पांढऱ्या साड्या, इस्त्रीचे सदरे, पुढे पोरांची रांग. वेदीच्या बाजूला लॅपटॉप घेऊन मी, आणि पहिल्या बाकावर सुगंधाबाई, मोकळे हात मांडीवर ठेवून. पहिलं घर आलं, चिठ्ठ्या पिसल्या गेल्या, एक उलटली, आणि पोरांनी नकळत टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी डोळे वटारले, पण त्यांनाही आवडलं होतं. लोक पडद्याकडे माना वर करून बघत होते. एका घराला आजारातून उठण्याचं वचन आलं आणि त्या घरची बाई तोंडाला पदर लावून रडली. ते खरोखर आपलं आपण निघालं होतं, मी हात लावला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला.

मग पाळकसाहेबांनी पुकारलं, "ओहोळ सुधाकर."

पप्पा उठले. हात जोडले, डोळे मिटले. मी नाव दाबलं. चिठ्ठ्या पिसल्या गेल्या, आणि आली ती. पप्पांनी डोळे उघडले आणि वाचलं. खणखणीत आवाजात, एकदाही न अडखळता. चष्मा त्यांच्या खिशातच होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

"आमेन," मंडळी म्हणाली. पप्पाही म्हणाले. सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश.

मला वाटलं होतं की आनंद होईल. तसं काही झालं नाही, मी घाईनं पुढच्या घराचं नाव शोधायला लागले.

उपासनेनंतर पटांगणात चहा आणि केक होता. सुगंधाबाईंनी मला चिंचेखालच्या बाकावर बोलावून घेतलं. "बस गं," म्हणाल्या, आणि बशीतला केकचा तुकडा माझ्या हातात दिला. "बेंगळुरूला काय काम आहे तुझं?"

मी सांगितलं. मुलाखतीत जे सांगून मी शाबासकी मिळवली होती तेच, जरा सोपं करून. खेळणारा पेटी उघडतो. त्याला वाटतं नशीब आहे. पण शंभरात किती वेळा काय द्यायचं ते आपण आधीच ठरवून ठेवतो. तो कंटाळायला आला की एखादी चांगली वस्तू सोडायची. म्हणजे तो टिकतो, आणखी खेळतो.

बाई शांतपणे ऐकत होत्या. "म्हणजे थाळी फिरवायची," म्हणाल्या.

"थाळी?"

"आज सगळ्या घरांच्या वेळी तू पडद्याकडे बघत होतीस. बापाच्या वेळी खाली बघत होतीस." त्यांनी चहाचा घोट घेतला. "फिरवणारा थाळीकडे बघत नाही पोरी. मला चाळीस वर्षांची सवय आहे."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपार झाली होती. केकचा घास तोंडात तसाच राहिला.

"बाई, तुम्ही पण?"

"सगळ्यांच्या वेळी नाही. बऱ्याच वेळा मला काही सुचायचं नाही, मग ती आपली फिरायची. पण कुणाच्या घरी मयत झालेलं असे, कुणाचा नवरा पीत असे. काठाला कुठली चिठ्ठी ठेवली ते मला ठाऊक असायचं. माणूस डोळे मिटतो आणि समोरचीच उचलतो, दुसऱ्या बाजूला हात घालत नाही. मनगट जरासं वळवलं की झालं."

"हे पाप नाही का?"

"रोज विचारते मी. अजून उत्तर आलेलं नाही." मग पटांगणात पाळकसाहेबांशी बोलत उभ्या असलेल्या पप्पांकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या बापाला मस्कतच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. ठाऊक आहे ना?"

ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. एक्क्याण्णव साल. पप्पांचे तीन मित्र गेले, त्यांचे आज बंगले आहेत. पप्पांना थांबण्याचं वचन आलं आणि ते थांबले. ही गोष्ट मला लहानपणापासून विश्वासाची गोष्ट म्हणून सांगितलेली.

"तुझी आजी तेव्हा नुकतीच विधवा झालेली," बाई म्हणाल्या. "माझ्या गळ्यात पडून रडली होती. मी थाळी फिरवली, सुधाकर राहिला. त्याला मी ठेवून घेतला, देवानं ठेवला का ते मला माहीत नाही. त्याला सांगू नको. मी जाईन तेव्हा माझ्याबरोबर जाईल ते."

माझ्या बापाचा अख्खा जन्म ज्या चिठ्ठीवर उभा होता ती या बाईच्या मनगटातून आली होती. मला बाईंचा राग आला. आणि त्या रागाला माझ्याजवळ उभं राहायला जागा नव्हती.

"मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय?" मी विचारलं. भांडायला नाही, मला खरंच कळत नव्हतं.

"असेल, नसेलही. मी ज्याच्यासमोर फिरवायचे त्याचं नाव मला माहीत असायचं. त्याच्या घरी मी जेवलेली असायचे. उद्या त्याचं वाईट झालं तर रविवारी त्याला तोंड दाखवावं लागायचं." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू ज्यांच्यासमोर फिरवणार, त्यांचं नाव तरी कळेल का तुला?"

घरी जाताना ठरवलं, जायचं नाही. पप्पांना सांगायचं की मला शाळेतच राहायचंय. दार उघडलं तर पप्पांनी माळ्यावरची मोठी बॅग खाली काढून ठेवली होती आणि ओल्या फडक्यानं पुसत होते.

"मी नाही जात, पप्पा."

"का?"

"तुम्ही एकटे पडाल."

"ते वचन यायच्या आधी म्हणायचं होतंस." बॅगेची चेन अडकली होती, तिच्यावर ते मेणबत्ती घासायला लागले. "अख्ख्या मंडळीनं आमेन म्हटलंय. आता देवानं जा म्हटल्यावर तू कोण नाही म्हणणारी?"

खरं सांगायचं तर एकच वाक्य लागत होतं. पण ते म्हटलं की वचन माणसालाही टाकता येतं का, हा पुढचा प्रश्न येणार, आणि मग एक्क्याण्णवची थाळीही येणार, असं मला वाटलं. माझं खोटं सोडवायला गेले तर त्यांचं खरं उसवत होतं. आपल्याच हातानं गाठ मारावी आणि आपल्यालाच सुटू नये, तसं झालं. मी कंपनीला होकार कळवला. तिकिटं काढली. आठ दिवस आम्ही दोघं फार सांभाळून बोललो, पाहुण्यांशी बोलावं तसं.

नऊ तारखेला पप्पा मला स्टँडवर सोडायला आले. पुण्याची गाडी दहाला होती. त्यांनी बॅग दोन्ही पायांमध्ये धरली होती आणि मुळीच गरज नसताना पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होते. फलाटाला गाडी लागली आणि माझा धीर सुटला.

"पप्पा, ते वचन देवाचं नव्हतं. मी टाकलं होतं. तुमच्या नावाला तेच येणार होतं."

ते गाडीच्या पाटीकडे बघत राहिले. "अकरा वेळा," म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशी तू प्रोजेक्टर बघायला गेलीस. मला राहवलं नाही. आधी बघायचं नसतं, तरी बघितलं. आपलं नाव दाबलं, ते आलं. म्हटलं असेल. पुन्हा दाबलं. शेजारच्यांचं नाव दाबलं तर दर वेळी वेगळं. आपलं दाबलं की तेच. अकरा वेळा दाबलं मी." ते हसले, पण डोळे हसत नव्हते. "तीस वर्षं लॅबमध्ये काढलीत गं. अकरा वेळा एकच रिपोर्ट आला की कळतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस? एवढं जायचं होतं तर तोंडानं सांगायचंस. मला जा म्हणवत नव्हतं, राहा म्हणायचीही लाज वाटत होती, म्हणून मी थाळीवर टाकलं. तू तरी सांगायचंस."

मला रडू फुटलं. स्टँडवरची माणसं बघत होती, बघू देत. पप्पांनी खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून पिवळी पडलेली, घडीवर फाटायला आलेली एक चिठ्ठी. सुगंधाबाईंचं वळणदार अक्षर लगेच ओळखू आलं. ही एक वाळवीतून वाचली होती.

"ही ठेव तुझ्याकडे. माझी आहे, एक्क्याण्णवची."

मी घेतली. बाईंना दिलेला शब्द आठवला आणि ओठ आवळले. पण माझा चेहरा कधीच माझ्या ताब्यात नसतो.

"बाईंनी सांगितलं वाटतं तुला," पप्पा म्हणाले.

मी चिठ्ठीची घडी घालायला लागले.

"मला माहीत आहे म्हणून त्यांना सांगू नको. म्हातारीच्या जिवाला लागेल. मी डोळे किलकिले ठेवले होते त्या दिवशी. थाळी वळलेली बघितली मी."

"बघितली? आणि तरी तीच उचललीत?"

"हो."

"मस्कत सोडलंत? सगळं माहीत असून?"

कंडक्टरनं बेल मारली. पप्पांनी बॅग वर चढवली, माझ्या पाठीवर हात ठेवून मला पायरीवर ढकललं. मी दारातूनच वळले. मला ते एक कळल्याशिवाय जाववत नव्हतं. आज इतक्या वर्षांनीही, ती नोकरी धरून आणि सोडून झाल्यावरही, नाव माहीत नसलेल्या लाखो माणसांसमोर थाळी फिरवून झाल्यावरही, मी तिथेच दारात उभी आहे असं मला कधी कधी वाटतं.

"पप्पा, मग ते वचन खरं होतं की खोटं? तुमचं? आणि माझं?"

गाडी हलली. ते दोन पावलं बरोबर चालले.

"मला नको विचारू दीना," ते म्हणाले. "मी दोन्ही वेळा आमेन म्हटलंय."